खारवण्याची भाकरी, माडबंदरचं सांदण

तांदळाच्या भाकरीचा व्यास किती असतो हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. नंतर मी दोनशे भाकऱ्या पट्टीने मोजल्या. सरासरी साडेसतरा सेंटिमीटर आली. हा उद्योग मी हौसेने केला नाही. दुबईच्या खरेदीदाराने पाठवलेल्या फॉर्मवर व्यासाचा रकाना होता आणि माझ्या हातून रकाना रिकामा सुटत नाही. त्याच फॉर्मवर पुढचा प्रश्न होता, "उत्पादन जिवंत आहे का?" तो फॉर्म मुळात खेकड्यांसाठी केलेला असावा. मी "नाही" लिहिलं. त्यापुढचा प्रश्न होता, "असल्यास, नांग्या बांधल्या आहेत का?" तिथे "लागू नाही" लिहिलं आणि सही केली.

रत्नागिरीच्या एमआयडीसीत एका लहानशा शीतगृहात मी बावीस वर्षं निर्यात विभाग सांभाळला. विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि मी. निर्यात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हापूस येतो. हापूसवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं. आमच्याकडून मासळी जायची, फणसाचे गरे जायचे, आणि शेवटच्या काही वर्षांत घरगुती खाद्यपदार्थ जाऊ लागले. कामाचं स्वरूप साधं आहे. पदार्थ उणे अठरा अंशांवर गोठवायचा, खोक्यात भरायचा, खोकी कंटेनरमध्ये रचायची. पण माल समुद्र ओलांडतो त्याच्या आधी कागद ओलांडतो. कागदात चूक असेल तर उत्तम माल बंदरात पडून राहतो. हे सगळ्यांना पटतं. फक्त कागद भरणाऱ्याचं महत्त्व कोणाला पटत नाही.

आता सांगतो ते दोन गावांबद्दल. खाडीच्या या काठाला माडबंदर, समोरच्या काठाला खारवणे. दोन्ही मुसलमान वस्तीची, दोन्हीकडचे निम्मे पुरुष आखातात किंवा बोटीवर. रस्त्याने, पुलावरून गेलं तर सव्वीस किलोमीटर. तरीने, म्हणजे होडीने, सात मिनिटं. दोन्ही गावांत बायकांचे बचत गट नव्याने निघाले होते. दुबईला आमच्याच जिल्ह्यातल्या एका गृहस्थाची चार दुकानं होती. त्यांनी मागणी कळवली. रमजानच्या आधी पोचतील अशा गोठवलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि आंब्याच्या रसातली सांदणं. सांदण म्हणजे तांदळाचा रवा आंबवून, रस घालून वाट्यांत वाफवलेला प्रकार. तिकडे राहणाऱ्या माणसाला तो खाऊन काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको.

माडबंदरच्या गटाच्या प्रमुख खैरूनखाला. वय पासष्ट, आवाज दोन्ही काठांना पुरेल इतका. खारवण्याच्या गटाची प्रमुख रुबिना भाभी, पस्तिशीची, बोलणं कमी आणि नेमकं. पहिल्या भेटीतच तिने मला तिची अडचण सांगितली.

"भाऊ, ह्यो हॉल जमातीचा हाय. पयला हितं जुनी जाळी ठेवायचे. आमी चार म्हयने मागं लागून घेतला. कमिटीवाले बोलले, रमजानपर्यंत कंपनीचा कागद दाखवा, खारवण्याचं नाव असलेला. नायतर जाळी परत येतील आनि आमी परत घरी."

"कागद मिळेल की. काम झालं की कागद येतोच," मी म्हणालो. कागद हे माझंच खातं असल्यामुळे मी जरा ऐटीत म्हणालो असेन.

कुणाला कोणता पदार्थ द्यायचा हे ठरवायला मी मोजणी केली. अंदाजावर काम करणं मला जमत नाही. दोन्हीकडे पीठ आणि रवा कंपनीचा, एकाच पोत्यातला, मी स्वतः वजन करून नेलेला. दोन्हीकडे शेगड्या सारख्या. पाच बायकांचा संघ. एक तास फक्त भाकऱ्या, एक तास फक्त सांदणं, असं तीन वेळा, आणि मग सरासरी. फोनमधल्या घड्याळावर माझा विश्वास नाही, म्हणून वेगळं स्टॉपवॉच विकत घेतलं. आणि स्वच्छतेचे नियम मी पहिल्या दिवसापासून लागू केले. प्रत्येकीच्या केसांवर टोपी, तोंडावर मास्क, अंगावर पांढरा एप्रन. डोळे सोडून काही दिसता कामा नये, अशी माझी सूचना होती, आणि ती दोन्ही गावांत तंतोतंत पाळली गेली. हे वाक्य मी आज जरा शरमेने लिहितोय, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यात आहे.

मंगळवारी माडबंदर. पाच पांढऱ्या आकृत्या विजेसारख्या हलत होत्या. तासाला एकशे वीस भाकऱ्या. सांदणं केली तर दोनशे चाळीस. खैरूनखाला खुर्चीवर बसून नुसत्या बघत होत्या.

गुरुवारी खारवणे. तासाला नव्वद भाकऱ्या, सांदणंही नव्वदच. रुबिना भाभी चहा देत फिरत होती.

"भाभी, तुम्ही बसत नाही?"

"मी देखरेख करते," ती म्हणाली आणि चहात साखर आहे का ते विचारून गेली.

आकडे घेऊन मी आमच्या शेठकडे गेलो. शेठ आकड्यांकडे एकदाच बघतात.

"माडबंदरच्या बायका भाकरीत पुढं, सांदणात पन पुढं. मग खारवण्याचं करायचं काय? काढून टाका."

"तसं नाही करता येत शेठ."

"का नाय? दोन्हीत मागं हायत ना?"

इथे मला माझं कॉलेजातलं अर्थशास्त्र आठवलं. वाचकांना ते दोन मिनिटांत सांगतो. एखादा देश एखादी वस्तू दुसऱ्यापेक्षा सरस करतो, याला निरपेक्ष लाभ म्हणतात. माडबंदरला दोन्ही पदार्थांत निरपेक्ष लाभ होता. पण खरा प्रश्न असा विचारायचा असतो की एक भाकरी करायला तुम्ही काय सोडता? माडबंदरची बाई एक भाकरी करते तेवढ्या वेळात तिची दोन सांदणं बुडतात. खारवण्याच्या बाईचं एकच बुडतं. म्हणजे खारवण्याला भाकरी स्वस्त पडते. हा तुलनात्मक लाभ. म्हणून भाकरी खारवण्याने करावी, सांदण माडबंदरने, मग भाकरी माडबंदरची कितीही चांगली असो.

शेठच्या चेहऱ्यावरून कळलं की हिशेब मांडून दाखवायला हवा. रोज चार तास काम धरलं. दोन्ही गावांनी अर्धा वेळ भाकरी, अर्धा वेळ सांदण केलं तर मिळून चारशे वीस भाकऱ्या, सहाशे साठ सांदणं. तेच खारवण्याने चारही तास भाकरी केली आणि माडबंदरने अर्धा तास भाकरी करून उरलेला वेळ सांदण केलं, तर भाकऱ्या तेवढ्याच, चारशे वीस. आणि सांदणं आठशे चाळीस.

"एकशे ऐंशी सांदणं वाढली," शेठ म्हणाले. "कुठनं आली?"

"कुठून नाही. नुसती वाटणी बदलली."

शेठनी कागद उलटा करून मागे काही लपवलंय का ते बघितलं. मग म्हणाले, "एक आठवडा. नाय जमलं तर खारवणे बंद."

हे तत्त्व मी घरीही लावून बघितलं होतं. माझी बायको सुनीता नारळ पाच मिनिटांत खवते, मला दहा लागतात. घराचे ऑनलाइन फॉर्म ती चार मिनिटांत भरते, मला चाळीस. (कचेरीतले फॉर्म वेगळे, ते कागदावर असतात.) म्हणजे दोन्हीत ती सरस, पण मी खवणीवर बसणं घराच्या फायद्याचं. हे मी तिला कागदावर सिद्ध करून दाखवलं.

"अहो, म्हणजे पदवीपर्यंत अर्थशास्त्र शिकलात ते नारळ खवायला?" ती म्हणाली. पण खवणी तिने पुढे सरकवली.

गावांत मात्र हे इतकं सोपं गेलं नाही. आधी माडबंदरला गेलो. खैरूनखालांना आकडे ऐकून आनंद झाला. दोन्हीत पहिला नंबर! त्यांनी शेजारणींना हाका मारून आकडे पुन्हा वाचायला लावले. मग मी म्हणालो, "म्हणून आता भाकरी खारवणे करील."

खालांनी आकड्यांचा कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"भाकरी कुनाची चांगली?"

"तुमची."

"लवकर कुनाची होते?"

"तुमचीच."

"मग करनार कोन?"

"खारवणे."

"भाऊ," खैरूनखाला मागे बघून म्हणाल्या, "ह्यांना आधी पानी द्या गो. उन्हातनं आलेत."

पाणी प्यालो. पुन्हा समजावलं. त्यांना एवढंच कळलं की सांदण जास्त मानाचं म्हणून ते आपल्याकडे आलं. तो गैरसमज मी दूर करायला हवा होता. केला नाही, कारण त्यावर सही मिळत होती.

खारवण्याला रुबिना भाभीने वेगळ्या बाजूने धरलं.

"म्हंजी आमची भाकरी पन वायट, सांदण पन वायट."

"वाईट नाही. सावकाश."

"पन भाकरी जरा कमी वायट."

मी खोटं बोलत नाही. "हो," म्हणालो.

ती हसली नाही, रागावलीही नाही. माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मी काहीतरी सांगायचं विसरलोय. "चालंल," म्हणाली. "आमचं नाव लागनार ना कागदावर? मग चालंल."

आठवडा सुरू झाला. पहिल्या दिवशी खारवण्याहून तीनशे साठ भाकऱ्या अपेक्षित होत्या. चारशे शहात्तर आल्या. मला वाटलं, पहिल्या दिवसाचा उत्साह. माडबंदरहून आठशे चाळीस सांदणं यायची होती, आली तीनशे अठरा. वाटलं, पहिल्या दिवसाची गडबड. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी स्टॉपवॉच घेऊन घड्याळजीकडे गेलो.

"काय होतंय?" त्याने विचारलं.

"एका गावात पुढे जातं, एका गावात मागे."

त्याने ते कानाला लावलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत दिलं.

शीतगृहात भाकऱ्या मावेनात. मासळीच्या खोलीत भाकऱ्या, गऱ्यांच्या रॅकवर भाकऱ्या. सुरमईवर भाकऱ्यांची खोकी रचलेली मी डोळ्यांनी बघितली आणि त्याचा स्वतंत्र अहवाल केला. दुबईच्या गृहस्थांचा रोज निरोप, सांदणं किती झाली? मी रोज भाकऱ्यांचा आकडा कळवत होतो, कारण सांगण्यासारखा आकडा तोच होता. शेवटी त्यांनी लिहिलं, "भाऊ, मी भाकरीवर भाकरी ठेवून विकू का?"

पाचव्या दिवशी शेठनी मला शीतगृहाच्या दारात उभं केलं. "ज्या बायकांना मी काढनार होतो त्यांच्या भाकऱ्या फ्रीजरात मावत नायत. आनि ज्या दोन्हीत पयल्या, त्यांची सांदणं एका टोपात बसतात. तुमचं शास्त्र उलटं धरलंत का?"

मला त्या क्षणी खरोखर तशी शंका आली. घरी जाऊन जुनं पुस्तक काढलं. पुस्तक सुलटं होतं.

शनिवारी न कळवता खारवण्याला निघालो. पुलाचा वळसा नको म्हणून माडबंदरच्या धक्क्यावरून होडी धरली. होडी चालवणारे दाऊदचाचा माझ्याच वयाचे, पण दोन्ही गावांत त्यांना चाचाच म्हणतात. होडीत मी एकटाच होतो.

"आज गर्दी नाही?"

"शनिवारी कशाची? गर्दी म्हंजी तुमच्या घड्याळाच्या दिवशी. मंगळवारी खारवण्यासनं भरून नेल्या बायका. गुरुवारी हिकडनं तिकडं. मला वाटलं दोनी गावांत लगीन हाय."

"कुठल्या बायका?"

"मायेरवाशिनी वो. कुठल्या म्हंजी?" दाऊदचाचांनी वल्ही थांबवली. "खालांनी सांगावा धाडला ना, आपल्या गावची परीक्षा हाय, लेकी सगळ्या येवा. मग खारवण्यानं पन आपल्या लेकींना बोलावलं. इज्जतीचा सवाल!"

होडी खाडीच्या मध्यावर थांबलेली होती. मला सगळं एकदम कळलं आणि मी आडव्या फळीला धरून बसलो.

इथे त्या गावांची रीत सांगायला हवी. पिढ्यान्‌पिढ्या या दोन गावांत सोयरीक आहे. माडबंदरच्या मुली खारवण्याला द्यायच्या, खारवण्याच्या माडबंदरला. म्हणजे रोज माडबंदरात राहणाऱ्या बायका बऱ्याचशा खारवण्याच्या लेकी, आणि खारवण्यात राहणाऱ्या माडबंदरच्या. मी मोजणी करायला गेलो तेव्हा प्रत्येक गावाने सुनांना बाजूला बसवून माहेरी आलेल्या लेकी कामाला बसवल्या. मी माडबंदरात उभा राहून खारवण्याचा संघ मोजला, आणि खारवण्यात उभा राहून माडबंदरचा. दोन्ही दिवस अत्यंत काळजीपूर्वक. आकड्यांत एकही चूक नव्हती. फक्त ते समोरच्या गावाचे होते. आणि चेहरा ओळखू येऊ नये याची सोय मी स्वतः केली होती.

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या त्या सिद्धांतात एक अट असते. माल सीमा ओलांडतो, काम करणारी माणसं ओलांडत नाहीत. परीक्षेत मी ती अट लिहून दोन गुण मिळवले होते. तरीचं वेळापत्रक मात्र बघितलं नव्हतं.

खारवण्याच्या हॉलमध्ये रुबिना भाभी थापत बसली होती. मी तिला मास्क खाली करायला सांगितला. माझ्याच नियमाविरुद्ध हे मी पहिल्यांदा केलं.

"मोजणीच्या मंगळवारी तुम्ही कुठे होता?"

तिने हात पिठात ठेवले. "माडबंदरला."

"पाचांपैकी एक तुम्ही?"

"डावीकडनं दुसरी."

"का गेलात भाभी? तुमचाच गट बंद होणार होता!"

"अम्मीनं बोलावलं."

"कोण अम्मी?"

आता हॉलमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्यापैकी एकजण म्हणाली, "अवो, खैरूनखाला. हिची आई. तुमाला नाय म्हाईत? एवढं सगळं लिवता तुमी."

मी रकाने बघितले. नाव, वय, गाव, फोन. माहेर असा रकाना माझ्या फॉर्मवर नव्हता.

"भाऊ, तुमी बोललात आकडे लिवायचे हायत," रुबिना म्हणाली. "अम्मी बोलली, माडबंदरचं नाव जायला नको. मी काय बोलनार? घरी येऊन रडले. म्हनलं, आता जाळी येतात परत हॉलात. मग तुमी येऊन भाकरी दिलीत. मला वाटलं अल्लानं दिली."

मी सोमवारी सगळं शेठना सांगितलं. ते नीट ऐकत होते. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणाले, "म्हंजी खारवणे दोन्हीत पुढं! मग माडबंदर काढून टाका."

मी डोळे मिटले. मग तोच कागद काढला, वरची दोन नावं खोडून अदलाबदल केली, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा समजावलं. या खेपेला शेठ मध्येच म्हणाले, "आनि ती एकशे ऐंशी सांदणं?"

"तीच येतील."

"कुठनं?"

मी म्हणालो, "शेठ, खाडीतून." त्यांना ते पटलं.

माडबंदरला जाऊन मला सांगायचं होतं की सांदण खारवण्याला जाणार, भाकरी तुमच्याकडे येणार, आणि तुमचा आकडा दोन्हीत कमी आहे. सुनीता म्हणाली, "मी येते बरोबर." घरातून निघताना तिने पाण्याची बाटली भरून घेतली.

खैरूनखालांनी अर्ध्यावरच थांबवलं. "म्हंजी आमची भाकरी पन वायट, सांदण पन वायट?"

"सावकाश," मी म्हणालो.

"पन भाकरी जरा कमी वायट."

"हो."

त्या रागाने लाल झाल्या. मी आधीचे आकडे वाचून दाखवले तेव्हा ज्या शेजारणींना हाक मारली होती त्या सगळ्या आताही जमल्या होत्या. तेव्हा सुनीता पुढे झाली.

"खाला, मंगळवारचे हात कुणाचे होते?"

"आमच्या लेकींचे."

"मग खारवण्याचं सांदण करणाऱ्या कोण?"

खैरूनखालांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग हळूहळू चेहरा सैल झाला. "आमच्याच," त्या म्हणाल्या. मागे वळून मोठ्याने म्हणाल्या, "ऐकलासा? दुबईला सांदण जानार ते आपल्याच पोरींच्या हातचं!" माझ्या दोन तासांच्या अर्थशास्त्राने जे झालं नव्हतं ते सुनीताच्या दोन प्रश्नांनी झालं. समजावणं या कामातही तिला निरपेक्ष लाभ आहे, ही नोंद मी त्या दिवशी मनात केली.

अदलाबदल झाली. पुढच्या सोमवारी खारवण्याहून आठशे सव्वीस सांदणं आली आणि त्यावर साठ भाकऱ्या. माडबंदरहून तीनशे अठ्ठावन्न भाकऱ्या. मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी पुस्तकात वाचलेली गोष्ट खोक्यांत भरून माझ्यासमोर उभी होती. माणसाच्या आयुष्यात असे दिवस कमी येतात. मी शीतगृहात जरा जास्त वेळ उभा राहिलो आणि मला सर्दी झाली.

कंटेनर भरायच्या आदल्या दिवशी शेवटचा कागद उरला, मूळ ठिकाणाचा. हा परदेशी जाणाऱ्या मालाचा जन्मदाखला म्हणावा असा. देश, जिल्हा, आणि आमच्या खरेदीदाराच्या आग्रहामुळे गावाचं नावही. त्यांना खोक्यावर गावाचं नाव हवं होतं. तिकडचा माणूस म्हणे ते वाचून घेतो. दोन्ही गटप्रमुखांच्या सह्या हव्या होत्या, म्हणून दोघींना कंपनीत बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आई आणि मुलगी.

मी वाचलं, "सांदण. मूळ ठिकाण, खारवणे."

"नाय," खैरूनखाला म्हणाल्या. "माडबंदर लिवा."

"खाला, माल खारवण्यात तयार झाला."

"हात कुनाचे? तुमच्या मॅडमनीच विचारलंनी. हात माडबंदरचे. मूळ म्हंजी काय? झाड कुठं उगवलं ते मूळ. सांदण माडबंदरचं."

मी नियमांचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की ज्या ठिकाणी मालावर अखेरची महत्त्वाची प्रक्रिया झाली ते मूळ ठिकाण. मी वाचून दाखवलं. खैरूनखाला म्हणाल्या, "ह्ये लिवनाऱ्याचं लगीन झालंय का?" नियमात ती माहिती नव्हती.

रुबिनासमोर तो कागद होता ज्याच्यासाठी तिने चार महिने कमिटीचे उंबरे झिजवले होते, आणि तिच्या आईने त्यावर हात ठेवला होता. कंटेनर दुसऱ्या दिवशी निघायचा होता. सांदणाशिवाय खारवण्याच्या नावावर या मालात काही नव्हतं. एका पदार्थाला एकच गाव लिहायचं होतं, म्हणून खारवण्याच्या सगळ्या भाकऱ्या, पहिल्या आठवड्यातल्याही, माडबंदरच्याच खोक्यांत भरल्या होत्या. आईला ना म्हणणं तिला जमत नाही, हे मी मंगळवारच्या आकड्यांवरून जाणून होतो. एकशे वीस भाकऱ्या, दोनशे चाळीस सांदणं, डावीकडून दुसरी.

"अम्मी," ती म्हणाली, "माझ्या लग्नात तू मौलवीसायबांसमोर काय बोललीस?"

"काय बोलले? खूप बोलले असंन."

"बोललीस, आता ही तुमची."

खैरूनखालांनी कागदावरचा हात आणखी घट्ट दाबला.

"मग आता मी कुनाची? हात तेच हायत. सोळा वर्सं खारवण्यात भाकऱ्या थापतेय या हातांनी. तू दिलेली हाय मी त्यांना. उसनी नाय दिलीस." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "हॉल गेला ना अम्मी, तर मी काय परत माडबंदरला येनार नाय. मी तिथंच ऱ्हानार. जाळी समोर."

टेबलावरचा पंखा कागदाचा कोपरा उडवत होता. मी पेपरवेट ठेवला, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. खैरूनखालांनी पदराने चष्मा पुसला, डोळ्यांना लावला, आणि कागदाशेजारचा दुबईचा फॉर्म पहिल्यापासून वाचायला घेतला. व्यास वाचला. "जिवंत आहे का" वाचलं, आणि माझ्याकडे एकदा बघितलं. मग कागदावरचा हात काढला.

"लिवा," त्या म्हणाल्या. "सांदण, खारवणे."

मी लिहिलं. रुबिनाने सही केली. तिचं नाव तिने एकेक अक्षर सावकाश काढलं, आणि कागद उचलून पंख्यासमोर शाई वाळवली. तिने मला दोन प्रती मागितल्या, एक कमिटीला आणि एक भिंतीवर लावायला. नियमाने एकच देता येते. मी दोन दिल्या.

दारापर्यंत गेल्यावर खैरूनखाला परत वळल्या. मुलगी पुढे जिना उतरत होती. माझ्या टेबलाजवळ येऊन त्यांनी आवाज जमेल तेवढा खाली आणला. तरी तो जिन्यापर्यंत गेलाच असणार.

"भाऊ, खोक्यावर छापाल तवा खारवणे जरा बारीक अक्षरात छापा."

अक्षरांचा आकार छापखान्याचा संगणक ठरवतो आणि तो दोन्ही गावांना एकच असतो. बावीस वर्षांत मी कुणाला चुकीची माहिती दिली नव्हती.

"बघतो खाला," मी म्हणालो.